192 मतं

माजघरातल्या खुंटीला एक खाकी पिशवी टांगलेली असायची. तिला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती. तिच्यात पैसे नव्हते की जमिनीचे उतारे नव्हते. आमच्या गावची मतदार यादी होती. पिवळट पडलेल्या पानांची, कोपरे मुडपलेली, तात्यांनी दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवलेली. तात्या म्हणजे माझे वडील. ते स्वतः निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत, अगदी ग्रामपंचायतीलासुद्धा नाही. पण विधानसभा लागली की ती पिशवी खुंटीवरून उतरायची आणि निकाल लागेपर्यंत त्यांच्या खांद्यावर असायची.

यादीत प्रत्येक नावापुढं शिसपेन्सिलीची खूण. बरोबरची खूण असेल तर मत आपलं. फुली असेल तर समोरच्याचं. नुसतं टिंब असेल तर त्या घरी अजून जायचंय. मला वाटायचं, तात्या फक्त टिंबवाल्यांकडं जात असतील. पण ते फुलीवाल्यांच्याही ओसरीवर जाऊन बसायचे. आई म्हणायची, "तिथं कशाला तंगडतोड? ती काय आपल्याला मत देणार हाईत व्हय?" तात्या म्हणायचे, "न देऊ दे. पर दारात आलाच न्हाई, असं नको म्हणाय."

पानांची मागची बाजू कोरी होती. तिथं तात्यांच्या बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असायचं. वस्तीवर हापसा. विधवेची पगार बंद. पोराचा जातीचा दाखला. ओढ्यावर फरशी. लहानपणी मला त्या बाजूचा अर्थ कळत नसे. निवडणूक म्हणजे समोरची बाजू, बरोबर, फुली आणि टिंब, एवढंच वाटायचं.

आमचा तालुका सांगोला. सोलापूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा तुकडा. एका अंगाला आटपाडी आणि जत, दुसऱ्या अंगाला पंढरपूर आणि मंगळवेढा. माण नदी आमच्यातनं जाते खरी, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळूच असते. खिलार जनावरं, रविवारचा जनावरांचा बाजार, मेंढरं, बाजरी, मटकी, हुलगा आणि दर दोन-तीन वर्षांनी दुष्काळ. ज्यांना रान पुरेना ते सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामाला लांब लांबच्या शहरांत गेले, ज्यांच्याकडं मेंढरं होती ते दिवाळीनंतर कृष्णाकाठाकडं निघाले, उरलेल्यांनी पावसाची वाट पाहिली.

या तालुक्यानं गणपतराव देशमुखांना 11 वेळा विधानसभेत पाठवलं. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शिक्षणानं वकील. आमच्यासाठी आबासाहेब. पक्ष शेतकरी कामगार, म्हणजे शेकाप, झेंडा लाल. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, 2014 ला शेवटचे. मधल्या काळात राज्यात कितीजण आले आणि गेले, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. आबासाहेब त्याच पक्षात राहिले आणि त्याच मतदारसंघातून उभे राहत गेले. 1978 ला पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात आणि 1999 ला आघाडीच्या सरकारात मंत्री झाले. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून बाहेरच्या लोकांना त्यांचं फार कौतुक. आम्हाला त्याचं विशेष वाटायचं नाही, कारण आम्ही दुसरा आमदार फारसा पाहिलाच नव्हता. नोकरीला लागून दुसऱ्या तालुक्यात गेले आणि तिथल्या आमदाराच्या मागं-पुढं धावणाऱ्या गाड्या पाहिल्या, तेव्हा कुठं मला आमच्या एसटीची किंमत कळली.

तात्यांचा जन्म 1938 चा. पहिल्या प्रचाराला ते चोवीस वर्षांचे होते. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं, म्हणजे त्यांचं स्वतःचंही ते पहिलंच विधानसभेचं मत. त्यांच्या वाट्याला एक सायकल आणि चार गावं आली होती. हँडलला भाकरीचं फडकं, मागं कॅरिअरला पत्रकांचा गठ्ठा. संध्याकाळी एखाद्या देवळापुढं गॅसबत्ती लावायची, माणसं जमायला रात्रीचे नऊ वाजायचे, कारण त्याआधी जनावरांची धार, वैरण, जेवणं. आजही निवडणुकीच्या दिवसांत संध्याकाळी सहाला सभा लावणारे शहरी कार्यकर्ते पाहिले की मला तात्यांचं ते नऊचं गणित आठवतं. खेड्यात ज्याला प्रचार करायचाय त्याला आधी धारेची वेळ माहीत पाहिजे.

1972 ला आबासाहेब हरले. त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि तो मोठा दुष्काळ पडला. आई-तात्या दोघंही खडी फोडायच्या कामावर होते. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी आणि सुकडी यांच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्यात की मी तेव्हा जन्मलेही नव्हते हे विसरायला होतं. 1974 ला पोटनिवडणूक लागली. तात्या सांगतात, त्या वेळी प्रचाराला वेगळं फिरावं लागलं नाही. माणसं कामावर एका ठिकाणी सापडायची. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगाशेजारी बसून बोलायचं. आबासाहेब निवडून आले, आणि पुढं 1978, 1980, 1985, 1990 असे येतच राहिले. एवढ्या विजयांनंतर गावाला वाटायला लागलं की आबासाहेबांचं निवडून येणं म्हणजे आषाढीची वारी, ठरलेल्या दिवशी होणारच.

मग 1995 आलं.

तेव्हा मी सहावीत होते, म्हणून मला ते सगळं नीट आठवतं. निवडणूक आयोगावर टी. एन. शेषन होते आणि त्यांचा धाक खेड्यापर्यंत पोचला होता. त्याआधीच्या निवडणुकीत आमच्या शाळेच्या आणि चावडीच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या करून त्यावर गेरू आणि निळीनं नावं रंगवलेली मी पाहिली होती. या वेळी भिंतीला हात लावायचा नाही, कर्णा वेळेत बंद, खर्चाचा हिशोब ठेवायचा. पोरं हिरमुसली. तात्यांना बरं वाटलं. ते म्हणाले, "भिताडाला कुठं मत असतंय?"

रात्री आमच्या ओसरीवर चिठ्ठ्या लिहायचं काम चालायचं. यादीतला अनुक्रमांक, नाव, केंद्र. माझं अक्षर चांगलं म्हणून मला बसवलेलं. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की आई राखेनं पुसायची आणि पुन्हा लावायची. आईचं खरं काम दिवसा असायचं. तेव्हा मतपत्रिका कागदाची होती. बाणफुलीचा शिक्का उमेदवाराच्या चिन्हावर मारायचा आणि घडी घालून पेटीत टाकायचा. पण घडी चुकली तर ओल्या शाईचा डाग दुसऱ्या चिन्हावर उमटायचा, मग मोजणीत वाद. आई नमुन्याचा कागद घेऊन आडावर, दळणाच्या गिरणीत, भांगलणीच्या रानात बायांना घडी शिकवायची. आधी उभी घडी, मग आडवी. तिची सगळ्यात अवघड विद्यार्थिनी म्हणजे तिची स्वतःची सासू. आजीचे हात थरथरायचे. तिला शिक्का मारून झाला की कागद उराशी धरायची सवय. आई न कंटाळता पुन्हा कागद सपाट करायची, पुन्हा आजीच्या हाताला धरून घडी करायची. "आत्याबाई, फुंकर मारायची, वाळू द्यायचं, मग घडी." असं किती वेळा झालं असेल याची गणती नाही. बायकांच्या मतांबद्दल बोलताना पुढारी साड्या आणि योजनांचा हिशोब मांडतात. मला मात्र आडाच्या काठावर कागदाची घडी शिकवणारी आई दिसते. तिला कुणी कार्यकर्ती म्हटलं नाही. प्रचाराच्या फोटोत ती कधी नव्हती.

मतदानाला चार दिवस राहिले आणि तात्यांनी यादी काढून अकरा नावांखाली बोट फिरवलं. ही पाच घरं मेंढक्यांची. सगळी कृष्णाकाठाला गेलेली. "आणाय जातो," तात्या म्हणाले, आणि मला बरोबर घेतलं. रात्रीच्या उजेडात त्यांना यादीतली बारीक अक्षरं दिसायची नाहीत आणि माझे डोळे चांगले होते, हे एक कारण. दुसरं कारण मी रडून हट्ट धरला होता.

मिरजेपर्यंत एसटी, पुढं वडाप, त्यापुढं पायी. हिरवंगार उसाचं रान मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. पाटाला पाणी होतं. कुणी न बघताही पाणी वाहतंय, याचं मला केवढं नवल वाटलं! विचारत विचारत आम्ही ऊस तुटून गेलेल्या एका रानात पोचलो, तेव्हा दिवस मावळत होता. मेंढरं बसवली होती. भोवतीनं वाघरीचं जाळं, एका कडेला घोडं बांधलेलं, तीन दगडांच्या चुलीवर कालवण रटरटत होतं. कोकरांचा बारीक आवाज सगळीकडं. त्या रानाच्या मालकाकडून रात्रीपाठी धान्य ठरलेलं, मेंढरांच्या लेंडीखतासाठी.

त्यातले थोरले मामा (गावात आम्ही त्यांना मामाच म्हणायचो) तात्यांना बघून घाबरेघुबरे उठले. एवढ्या लांब आलाय म्हणजे गावात कुणीतरी गेलं असणार असंच त्यांना वाटलं. कारण कळल्यावर खाली बसले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तात्या, येतो म्हणाय जीभ उचलती. पर मेंढरं कुणावर टाकू? निम्मी व्यायला झाल्यात."

तात्यांनी आग्रह केला नाही. घोंगड्यावर बसले, दिलेली भाकरी खाल्ली, मेंढरांची चौकशी केली. मामांची बायको चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं न वळता विचारलं, "तात्या, वस्तीवर हापसा मागितला व्हता. दोन वर्सं झाली. बायका अजून ओढ्यात झिरं उकरत्यात."

तात्यांनी पिशवीतून यादी काढली, मला पान शोधायला लावलं, आणि मागच्या बाजूला दाखवलं. तिथं लिहिलेलं होतं, "वस्तीवर हापसा". तारखेसकट. ते वाचून दाखवताना तात्यांचा आवाज खाली गेला होता. मामी म्हणाली, "लिवलंय खरं." तेवढंच. त्या दोन शब्दांनी माझ्या वडिलांची मान खाली गेलेली मी पाहिली. मोठेपणी मी कितीतरी भाषणं ऐकली, नेत्यांना झालेला विरोध पाहिला, घोषणा ऐकल्या. त्या दोन शब्दांएवढं वजन मला दुसरं कशात जाणवलं नाही.

रात्री एक मेंढी व्याली. कंदील मी धरला होता. पहाटे मामा म्हणाले, "आमी दोघं येतो. बाकीच्यांनी राखली पायजेत." अकरापैकी दोघं आले. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत पहिले तेच होते, आणि मतं टाकून आल्या पावली परत गेले, एक घोट चहासुद्धा न घेता.

मार्चमध्ये मोजणी झाली. तेव्हा मोजणी म्हणजे कागदांचे गठ्ठे, टेबलं, बाद मतांवरून हुज्जत. तात्या सांगोल्याला गेले होते. आकडे वरखाली होत होते असं मधूनमधून येणारी माणसं सांगायची. तात्या रात्री खूप उशिरा घरी आले. पिशवी खुंटीला लावली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. आईनं ताट वाढलं होतं ते तसंच झाकून ठेवलं. सकाळी शाळेत जाताना मला कळलं. शहाजीबापू पाटील निवडून आले होते. फरक 192 मतांचा.

मला तेव्हा बेरीज-वजाबाकी चांगली यायची. तालुक्यात शंभराच्या आसपास गावं, म्हणजे गावटी दोन मतंसुद्धा नाहीत. तात्यांनी त्याहून पुढचं गणित घातलं होतं. ते म्हणायचे, "97 माणसं. 97 माणसं तिकडची इकडं झाली असती तर झालं असतं." मग थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, "आन् नऊ तर आपलीच व्हती, कृष्णाकाठाला." त्या नऊ मतांनी निकाल फिरला नसता हे त्यांनाही कळत होतं. पण प्रत्येक गावात एखादा तात्या असाच आपले नऊ मोजत बसला असेल, आणि ते सगळे नऊ एकत्र केले तर 192 कधीच भरून निघाले असते, हेही तितकंच खरं.

त्या उन्हाळ्यात तात्यांनी एक काम केलं, त्याबद्दल मला त्यांचा आजही फार अभिमान वाटतो. यादी घेऊन ते ज्यांनी मतच टाकलं नव्हतं त्यांच्या घरी गेले. जाब विचारायला नव्हे, नुसतं का ते विचारायला. मला बरोबर नेत, कारण तोपर्यंत ती आमची सवयच झाली होती. एक सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. एक म्हातारा रांगेत उन्हात चक्कर येऊन परत फिरलेला. दोघा भावांत बांधावरून भांडण, एकाला वाटलं दुसरा तिथं असेल, म्हणून तो गेलाच नाही. एका घरात तर नावच चुकीचं छापलेलं, बापाच्या जागी चुलत्याचं. त्या बाईला केंद्रावरून परत पाठवलेलं. ती आमच्यापुढं रडली. "लोकांम्होरं सांगितलं, तू न्हाईस म्हणून." तात्या ते सगळं मागच्या बाजूला लिहीत गेले. कागद भरला तेव्हा त्यांनी माझ्या वहीतली कोरी पानं फाडून यादीला शिवली.

मामींच्या वस्तीवर हापसा बसला तो पुढच्या साली. त्यासाठी तात्यांनी पंचायत समितीत किती चकरा मारल्या, ते त्यांच्या चपलांना विचारावं. आमदार समोरच्या पक्षाचा होता, तरी गेले. आता मी त्यांना विचारलं तर म्हणतात, "त्याचं काय? निवडून आलेला सगळ्यांचा."

1999 ला आबासाहेब पुन्हा निवडून आले आणि मंत्री झाले. 2004, 2009, 2014, एकेक करत 11 चा आकडा पुरा झाला. त्या वर्षांत तालुका बदलला. नव्वदच्या दशकात आटपाडीच्या पाणी परिषदांना तात्या शिदोरी बांधून जायचे. तिथं नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, आबासाहेब अशा माणसांनी दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मागितलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी उचलून इकडं यायला किती वर्षं गेली, किती मोर्चे गेले! आमच्याकडं डाळिंब आलं. जिथं बाजरी पोटाला पुरत नव्हती तिथं डाळिंबाच्या पैशांतून बंगले उभे राहिले. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी चालली. हे सगळं एका माणसानं केलं असं मी म्हणणार नाही, तात्या तर मुळीच म्हणणार नाहीत. पण एखादा माणूस पन्नासपेक्षा जास्त वर्षं एकाच मागणीच्या मागं लागला की काय होतं, ते आमच्या तालुक्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

मी शिक्षिका झाले आणि निवडणुकीचं काम दुसऱ्या बाजूनं पाहिलं. आपल्या मतदारसंघात आपल्याला नेमत नाहीत, म्हणून लांबच्या गावी साहित्य घेऊन एसटीनं जायचं, शाळेच्या वर्गात रात्र काढायची, पहाटे उठून प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान करून दाखवायचं. कागदाची मतपत्रिका गेली, यंत्र आलं. आईची घडी आता कुणाला शिकवावी लागत नाही. पण मतदार यादीवर खूण करताना माझा हात दर वेळी थोडा थांबतो. केंद्राबाहेर, थोड्या अंतरावर, उमेदवारांची माणसं टेबल टाकून यादी उघडून बसलेली असतात. दुपारी तीननंतर त्यांची लगबग वाढते, राहिलेल्यांची नावं काढून पोरं दुचाकीवर पळतात. माझे सहकारी त्यांना कंटाळतात, गर्दी करतात म्हणून. मला ती सगळी आपली वाटतात, कुठल्याही पक्षाची असोत.

2019 ला आबासाहेब वयामुळं उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर शहाजीबापूच, आता शिवसेनेकडून. 2022 मध्ये ज्यांच्या फोनवरच्या 'काय झाडी, काय डोंगार' या बोलण्यामुळं सांगोल्याचं नाव सगळीकडं झालं, तेच. 1995 नंतर तब्बल 24 वर्षं या माणसानं पराभव सोसले आणि उभं राहायचं सोडलं नाही. तात्यांच्या तोंडून मी त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द ऐकला नाही. "चिकाटी हाय गड्याला," एवढंच म्हणायचे.

त्या वेळी प्रचार माझ्या धाकट्या भावाच्या हातात होता, म्हणजे खरं तर त्याच्या मोबाइलच्या. व्हॉट्सअ‍ॅपचे गट, गाणी, वरून काढलेले सभेचे व्हिडिओ. यादी पीडीएफमध्ये, नाव टाकलं की क्षणात सापडतं. भाऊ मन लावून काम करत होता, त्याच्या कष्टात मी खोट काढणार नाही. पण एकदा तात्यांनी त्याला विचारलं, "ह्या यादीला मागची बाजू कुठाय?" भावाला प्रश्नच कळला नाही. मला कळला आणि मी काही बोलले नाही, याची मला आजही रुखरुख आहे. मी त्या दोघांच्या मध्ये बसून ते समजावून सांगायला हवं होतं. सुट्टी संपत आली होती, मला परत जायचं होतं, राहून गेलं.

निकाल लागला. अनिकेत 98,696, शहाजीबापू 99,464. फरक 768. तात्यांनी या वेळी गणित घातलं नाही. 2021 च्या 30 जुलैला आबासाहेब गेले. त्या दिवशी तात्यांनी पिशवी खुंटीवरून काढली, आतली यादी बाहेर काढून मांडीवर ठेवली आणि दिवसभर तशीच ठेवून बसले.

2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच उभे राहिले आणि 25 हजारांवर मतांच्या फरकानं निवडून आले. लाल झेंडा परत आला म्हणून गावात गुलाल उधळला. पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या आठवड्याचं.

तात्या 86 वर्षांचे झाले होते. गुडघे गेलेले. 85 च्या वरच्यांना घरी बसून मत टाकता येतं, त्यासाठी 12-डी चा अर्ज भावानं वेळेत भरला होता. ठरलेल्या दिवशी पथक घरी आलं. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा. आमच्या ओसरीवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. तीस वर्षांपूर्वी ज्या जागी कंदिलाच्या उजेडात मी चिठ्ठ्या लिहायची, नेमक्या त्याच जागी तात्या खुर्चीत बसून मत देत होते. पुन्हा कागद आला होता, पुन्हा घडी. मी अंगणातून आईच्या तसबिरीकडं पाहिलं. तात्यांनी आधी उभी घडी घातली, मग आडवी.

पाकीट बंद झाल्यावर तात्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, "ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाणार का? तिथं एक म्हातारी हाय. माझ्याहून दोन वर्सं थोरली."

अधिकारी तरुण होता, नीट वागणारा. त्यानं आपली यादी पाहिली. "आजोबा, त्यांचा अर्ज आलेला नाही. मुदत गेली आता. त्यांना केंद्रावरच यावं लागेल."

ती म्हातारी म्हणजे मामी. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं आता मेंढरं घेऊन फिरत नाहीत. एक गलाईला केरळात, एक पुण्यात गाडी चालवतो.

20 नोव्हेंबरला सकाळी मी भावाच्या मुलाला घेऊन वस्तीवर गेले. मामी अंगणात बसली होती, तयार होऊन, नवं लुगडं नेसून. कुणीतरी नेईल म्हणून पहाटेपासून बसली होती म्हणे. केंद्रावर चाकाची खुर्ची होती, वर्गाच्या दारात उतार केलेला होता. आत ती एकटी गेली. यंत्राचा लांब आवाज बाहेर ऐकू आला.

परतताना तिला आमच्या दारावरनं आणलं. तात्या सकाळपासून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर खाकी पिशवी. मामीनं शाईचं बोट वर करून दाखवलं. तात्यांनी नव्या यादीतलं तिचं नाव शोधलं. भावाकडून त्यांनी आमच्या वॉर्डाची पानं छापून घेतली होती आणि शिवलीही होती. नावाखाली एक रेघ ओढली. बरोबर नाही, फुली नाही, नुसती रेघ.

"तात्या," मामी म्हणाली, "वस्तीवरच्या वाटंला लाईट न्हाई. डांब हुबा केलाय, वर दिवाच न्हाई. पोरं रातची पडत्यात."

तात्यांनी पान उलटलं आणि माझ्याकडं पेन्सिलीसाठी हात केला.